कालवड पहिल्यांदा भरवताना: कृत्रिम रेतन कुठे अडते आणि काय करावे

एप्रिलच्या अखेरीस संगमनेर तालुक्यातील एका गोठ्यावर मला बोलावणे आले. दावणीला एक एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित कालवड उभी होती, वय अठरा महिने. "डॉक्टर, तीनदा भरवली आणि तिन्ही वेळा उलटली, कांडीच खराब असणार," असे मालकांचे ठाम मत होते. (उलटली म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली; कांडी म्हणजे गोठवलेल्या वीर्याची बारीक नळी.) गोठ्याच्या भिंतीवर टांगलेल्या दिनदर्शिकेत त्यांनी तीन तारखांभोवती निळ्या पेनाने गोल केले होते: ३ मार्च, १५ मार्च आणि ६ एप्रिल. कालवडीला हात लावण्यापूर्वी मी ते गोल पाहिले आणि अर्धे निदान तिथेच झाले.

कालवडीचे माजचक्र साधारण २० दिवसांचे असते. १८ ते २२ दिवसांच्या आत ती पुन्हा माजावर येते. ३ आणि १५ मार्च यांत अंतर केवळ १२ दिवसांचे होते, म्हणजे या दोनपैकी एक तारीख माजाची नव्हती. १५ मार्च ते ६ एप्रिल हे अंतर मात्र २२ दिवसांचे, त्यामुळे १५ मार्चचा माज खरा आणि ३ मार्चचा खोटा असे धरायला हरकत नव्हती. विचारल्यावर मालकांनाही आठवले की पहिल्या वेळी रेतनकाराने "मुख फार घट्ट आहे" असे म्हणत बराच वेळ खटपट केली होती. माज नसलेल्या कालवडीचे गर्भाशयमुख घट्टच असते. तेथे खटपट करण्याऐवजी गन (कांडी आत सोडण्याची लांब नळी) बाहेर काढायला हवी होती.

कालवड फळत नाही म्हटले की बोट आधी कांडीकडे आणि नंतर रेतनकाराकडे जाते. या दोन्ही ठिकाणी चुका होतात आणि त्यांबद्दल पुढे लिहिले आहेच. परंतु माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा चूक रेतनकाराची मोटारसायकल गोठ्यात येण्यापूर्वीच झालेली असते. म्हणून या लेखातील क्रम मुद्दाम तसाच ठेवला आहे: आधी वजन, मग तपासणी, मग माज, मग वेळ, आणि त्यानंतर कांडी व गन.

वयाकडे पाहू नका, टेप आणा

कालवड वयावर नव्हे तर वजनावर माजावर येते. चांगली वाढ झालेली संकरित कालवड १२ ते १५ महिन्यांत पहिला माज दाखवते, तर खुराटलेली कालवड दोन वर्षांची झाली तरी गप्प असते. परंतु पहिला माज दिसला म्हणजे ती भरवायला योग्य झाली, असेही नाही. पहिले एक-दोन माज सोडून द्यावेत आणि तिचे वजन त्या जातीच्या पूर्ण वाढलेल्या गाईच्या ६० ते ६५ टक्के झाल्यावरच रेतन करावे. गोठ्यातल्या हिशेबाने सांगायचे तर आईचे वजन ४२० किलो असेल, तर कालवड २५० ते २७० किलोंची होईपर्यंत थांबावे. एचएफ संकरित कालवडीसाठी २५० ते २७५ किलो आणि जर्सी संकरित कालवडीसाठी २२० ते २२५ किलो हे आकडे लक्षात ठेवले तरी काम भागते. गीर किंवा साहिवाल कालवडीला भरवण्याजोगे वजन गाठण्यास बहुधा दोन ते अडीच वर्षे लागतात, आणि तेथे घाई करून काहीच हाती लागत नाही.

वजनकाटा नसला तरी शिंप्याच्या टेपने वजन काढता येते. कालवड सपाट जागेवर चारही पायांवर सरळ उभी करावी. पुढच्या पायांच्या लगेच मागे, कोपराजवळून छातीचा घेर इंचांत मोजावा. नंतर खांद्याच्या पुढच्या टोकापासून शेपटीच्या बाजूच्या हाडाच्या टोकापर्यंत लांबी मोजावी. घेराला घेराने गुणावे, त्याला लांबीने गुणावे आणि येणाऱ्या संख्येला ६६० ने भागावे; उत्तर किलोत येते. वर सांगितलेल्या कालवडीचा घेर ५५ इंच आणि लांबी ४६ इंच भरली, म्हणजे वजन सुमारे २११ किलो. अठरा महिन्यांच्या एचएफ संकरित कालवडीला सुमारे ४० किलो वजन कमी होते. अशी कालवड गाभण राहिली तरी पुढे विताना अडते, दुधाला कमी येते आणि दुसऱ्या वेताला पुन्हा उलटत राहते, म्हणून ती फळली नाही याचे मला फारसे दुःख झाले नाही.

जन्मतः २८ किलो असलेले वासरू दररोज अर्धा किलो वाढले तर पंधरा महिन्यांत २५० किलोंपर्यंत पोहोचते. एवढी वाढ साधण्यात मोठे रहस्य नाही, पण बहुतेक गोठ्यांत खुराकाची पाटी दुभत्या गाईसमोर रिकामी होते आणि कालवडीच्या वाट्याला उरलेला कडबा येतो. हिरवा व वाळला चारा पोटभर, त्यासोबत दीड ते दोन किलो खुराक, ३० ते ४० ग्रॅम क्षार मिश्रण आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने वेळेवर जंतनाशक एवढे नियमाने दिले, तर माजाची अर्धी तक्रार संपते. ऊसपट्ट्यात एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. वाढ्यांमध्ये (उसाच्या हिरव्या शेंड्यांमध्ये) ऑक्झॅलेट जास्त असते आणि ते शरीरातील कॅल्शिअम बांधून ठेवते. त्यामुळे महिनोन्‌महिने केवळ वाढ्यांवर ठेवलेल्या कालवडी अंगाने भरलेल्या दिसल्या तरी आतून रित्या असतात. वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडावी, सोबत डाळवर्गीय चारा द्यावा आणि क्षार मिश्रण चुकवू नये. याउलट, हौसेने खुराक वाढवून कालवड लठ्ठ केली तरीही ती नीट फळत नाही. शेवटच्या दोन-तीन बरगड्या हलक्या हाताने जाणवाव्यात, पण लांबून मोजता येऊ नयेत, इतपत अंग असावे.

गोचिडांकडेही इथेच पाहावे. गोचीडतापातून उठलेली कालवड रक्ताने कमी झालेली असते, आणि डोळ्यांच्या पापण्या आतून पांढुरक्या दिसत असतील तर रेतनाचा विचार त्या महिन्यापुरता बाजूला ठेवावा.

पहिल्या रेतनापूर्वीची एक तपासणी

साधारण १३-१४ महिन्यांच्या सुमारास पशुवैद्यकाकडून कालवडीची गुदमार्गातून एकदा तपासणी करून घ्यावी. गर्भाशय व बीजकोष वाढले आहेत का, योनिमार्गात आडवा पडदा आहे का, गर्भाशयमुख वाकडे किंवा दुहेरी आहे का, हे या एका तपासणीत कळते. असे जन्मजात दोष क्वचितच आढळतात, पण ते असतील तर पुढच्या दीड वर्षाचा चारा, खुराक आणि प्रत्येक रेतनाचा खर्च वाचतो.

एक दोष मात्र शेतकऱ्याला जन्माच्या दिवशीच ओळखता येतो. जुळ्यांमध्ये एक नर आणि एक मादी असेल, तर त्यातील मादी दहापैकी नऊ वेळा वांझ निघते, कारण गर्भात असतानाच दोघांचा रक्तपुरवठा एकमेकांत मिसळतो आणि नराच्या संप्रेरकांमुळे मादीची जननेंद्रिये अर्धवट राहतात. अशा कालवडीचे निरण (योनीचे बाहेरचे तोंड) लहान असते, त्याच्या खालच्या टोकाला लांब केसांचा झुबका दिसतो आणि योनिमार्ग नेहमीच्या सुमारे एक तृतीयांशच खोल असतो. बाजारातून कालवड घेताना हा इतिहास कोणी आपणहून सांगत नाही; म्हणून विकत घेतलेल्या कालवडीची ही तपासणी अवश्य करावी.

माज ओळखणे

गाईपेक्षा कालवडीचा माज आखूड असतो. अनेकदा तो १० ते १४ तासांतच संपतो. त्यात तो रात्री सुरू होण्याची शक्यता अधिक. रात्री दहाला सुरू होऊन सकाळी दहाला संपलेला माज संध्याकाळी धारेच्या वेळी गोठ्यात येणाऱ्या माणसाला दिसणारच नाही, आणि मग "आमची कालवड मुका माज दाखवते" असे म्हटले जाते. मुका, म्हणजे बाहेरून लक्षणे न दाखवणारा, माज असतो, उन्हाळ्यात तो वाढतोही. पण न पाहिलेल्या माजाला मुका माज म्हणण्याची आपल्याला सवय लागली आहे.

पहाटे, दुपारी आणि रात्री झोपण्यापूर्वी अशा तीन वेळा, प्रत्येक वेळी वीस-पंचवीस मिनिटे, कोणतेही दुसरे काम न करता कालवडींकडे पाहावे. शेण काढताना किंवा गव्हाणीत चारा टाकताना पाहिलेले धरू नये, कारण त्या वेळी जनावराचे लक्ष चाऱ्याकडे असते. कालवड बेचैन होते, हंबरते, इतरांच्या निरणाचा वास घेते, दुसरीवर चढते, थोडे-थोडे मूत्र टाकते, निरण सुजते आणि त्यातून अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक, लोंबणारा सोट येतो. ही सर्व लक्षणे माज येत असल्याची आहेत. पक्का माज एकाच लक्षणाने ठरतो: दुसरे जनावर तिच्यावर चढले असता ती न हलता उभी राहते. रेतनाची वेळ याच क्षणापासून मोजायची असते.

बांधीव गोठ्यात हे लक्षण दिसण्याची सोयच नसते. मुक्तसंचार गोठा करणे शक्य नसेल, तर भरवण्याच्या वयातील कालवडी निदान सकाळी व संध्याकाळी अर्धा तास एकत्र मोकळ्या सोडाव्यात. घसरड्या फरशीवर त्या एकमेकींवर चढत नाहीत, म्हणून ही जागा मातीची असावी. माकडहाडाजवळचे केस विस्कटलेले, तेथे घासल्याची किंवा चिखलाची खूण आणि शेपटीला वाळून चिकटलेला सोट दिसला, तर रात्री माज होऊन गेला असे समजावे.

आता रक्ताविषयी, कारण कालवडींच्या बाबतीत सर्वाधिक गैरसमज इथेच होतो. माज संपल्यानंतर एक-दोन दिवसांनी अनेक कालवडींच्या निरणातून थोडे रक्तमिश्रित पाणी येते आणि शेपटीला लाल डाग दिसतो. गाईंपेक्षा कालवडींत हे जास्त आढळते. हे रक्त पाहून काही जण कालवड माजावर आली असे समजून रेतनकाराला बोलावतात, काही जण गर्भ पडला असे समजतात, तर काही जण रेतनकाराने आत इजा केली म्हणून भांडायला उठतात. बहुतेक वेळा या तिन्हींपैकी काहीच झालेले नसते. हे रक्त म्हणजे माज होऊन गेल्याची पावती आहे. कालवड फळली की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. त्या दिवशी रेतन करू नये, तारीख लिहून ठेवावी आणि तेथून सतराव्या-अठराव्या दिवसापासून पाळत ठेवावी. भरपूर ताजे रक्त, दुर्गंधी किंवा ताप असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

वेळ साधणे

स्त्रीबीज माज संपल्यानंतर साधारण १० ते १४ तासांनी सुटते आणि जेमतेम ६ ते १० तास फलनक्षम राहते. शुक्राणू गर्भाशयात सुमारे एक दिवस टिकतात, परंतु फलनास सिद्ध होण्यासाठी त्यांना काही तास आधी पोहोचावे लागते. म्हणूनच सकाळी माज दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन, हा जुना नियम आजही उपयोगी पडतो. कालवडीच्या बाबतीत पक्का माज दिसल्यापासून ८ ते १२ तासांची वेळ साधावी आणि "संध्याकाळी दिसला, उद्या दुपारी बघू" हे टाळावे.

आमच्या कालवडीचे तिसरे रेतन इथेच फसले होते. ५ एप्रिलला संध्याकाळी सोट दिसला, रेतनकार ६ तारखेला दुपारी आले आणि ७ तारखेच्या सकाळी शेपटीला रक्त होते. रक्त इतक्या लवकर आले, याचा अर्थ ५ तारखेच्या संध्याकाळी मालकांनी जो सोट पाहिला तो माजाच्या शेवटचा होता, सुरुवातीचा नव्हे. ६ तारखेच्या दुपारी कांडी आत गेली तेव्हा स्त्रीबीजाची वेळ बहुधा निघून गेली होती.

लिंग विनिश्चित रेतमात्रा (कालवडच व्हावी म्हणून निवडलेल्या शुक्राणूंची कांडी) वापरायची असेल तर वेळ थोडी पुढे न्यावी, म्हणजे पक्का माज सुरू झाल्यापासून १६ ते २४ तासांच्या दरम्यान. नेहमीच्या कांडीत सुमारे दोन कोटी शुक्राणू असतात, तर या कांडीत बहुधा वीस ते चाळीस लाखच असतात आणि निवडीच्या प्रक्रियेतून गेल्यामुळे ते टिकतातही कमी. दहापैकी नऊ वेळा कालवडच होते हा तिचा मोठा फायदा, आणि प्रजननक्षमता सर्वांत चांगली असल्यामुळे कालवडीच त्यासाठी योग्य. परंतु वजन भरलेल्या, नियमित माज दाखवणाऱ्या कालवडीवरच ती वापरावी. दोनदा उलटलेल्या कालवडीवर महागडी कांडी वापरून नशीब अजमावू नये.

कोणत्या वळूची कांडी, हेही याच वेळी ठरवावे. पहिलारू कालवडीला मोठ्या हाडापेराची वासरे देणाऱ्या वळूची कांडी वापरली, तर ती गाभण राहील, पण विताना अडेल. ज्याच्या वासरांचे जन्मवजन कमी असते असा वळू मागावा. लहान चणीच्या कालवडीला जर्सीची कांडी अधिक सुरक्षित ठरते. आईला ज्या वळूची कांडी वापरली त्याच वळूची लेकीला वापरू नये, आणि हे कळण्यासाठी जुन्या नोंदी हाताशी हव्यात.

गोठ्यातील तयारी आणि कांडी

रेतनकार येण्यापूर्वी कालवड सावलीत, निसरडी नसलेल्या जागी खोड्यात उभी असावी. तिला खोड्याची सवय आधीच्या महिन्यात लावलेली बरी, कारण चार माणसांनी शेपटी पिळून धरलेल्या घाबऱ्या कालवडीच्या शरीरात ताणाची संप्रेरके वाढतात आणि गर्भाशयाच्या ज्या आकुंचनांमुळे शुक्राणू पुढे सरकतात ती मंदावतात. उन्हाळ्यात सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर रेतन करावे आणि आधी-नंतर अंगावर पाणी मारून तिला गार ठेवावे.

कांडी हाताळताना मालकाने शेजारी उभे राहून पाहावे. चांगल्या रेतनकाराला त्यात कमीपणा वाटत नाही. नत्रपात्रातील (कांड्या ठेवण्याच्या द्रवरूप नायट्रोजनच्या भांड्यातील) तापमान उणे १९६ अंश सेल्सिअस असते. कांडी काढताना डबी पात्राच्या गळ्यापर्यंतच वर घ्यावी आणि पाच-सात सेकंदांत चिमट्याने कांडी उचलून डबी परत खाली सोडावी, कारण वर रेंगाळलेल्या डबीतील उरलेल्या कांड्यांचेही नुकसान होते आणि ते पुढच्या गोठ्यात दिसते. कांडी ३७ अंश सेल्सिअस पाण्यात ३० सेकंद बुडवावी. तळहातावर चोळून, खिशात ठेवून किंवा हंड्यातील अंदाजे कोमट पाण्यात वितळवलेली कांडी डोळ्यांना तशीच दिसते, पण आतले अनेक शुक्राणू मेलेले असतात. थर्मामीटर आणि थर्मास एवढ्या दोन वस्तूंनी हा प्रश्न मिटतो. नंतर कांडी पूर्ण कोरडी पुसावी, कारण पाण्याचा थेंबही शुक्राणूंना मारक असतो. प्रयोगशाळेत बंद केलेले टोक सरळ काटकोनात कापावे, शीथ (गनवरचे प्लास्टिकचे आवरण) नवी असावी आणि भरलेली गन उन्हापासून व थंडीपासून जपत दहा-पंधरा मिनिटांच्या आत वापरावी. कांडीवर वळूचा क्रमांक, जात, रेतन केंद्र आणि तारीख छापलेली असते. ती टाकून देण्यापूर्वी हे सारे वहीत उतरवून घ्यावे.

गन आत जात नाही तेव्हा

हा भाग प्रामुख्याने नव्या रेतनकारांसाठी आहे, तरी मालकांनीही वाचावा. कारण कुठे थांबायला सांगायचे, हे त्यांनाही कळले पाहिजे.

कालवडीचे गर्भाशयमुख बोटाएवढे जाड आणि लहान असते, आतील तीन-चार वळ्या घट्ट असतात, योनिमार्ग अरुंद असतो आणि हात घालायला गुदमार्गातही जागा कमी असते. म्हणून हातमोज्याला भरपूर वंगण लावावे, बोटे शंकूसारखी जुळवून सावकाश आत जावे आणि कालवड कळ देत असेल तेव्हा जोर न लावता थांबावे. कळ ओसरली की हात पुढे सरकतो. शेण काढून झाल्यावर निरण स्वच्छ कागदाने कोरडे पुसावे, ओठ उघडावेत आणि गन बाजूंना न लागू देता आत न्यावी.

पहिली अडचण तळाशी येते. मूत्रमार्गाचे तोंड योनिमार्गाच्या तळाला असते आणि आडवी घातलेली गन थेट त्यात शिरते. गनचे टोक सुरुवातीला ३० ते ४० अंश वर ठेवावे, वीतभर आत गेल्यावर ती आडवी करावी. दुसरी अडचण योनीच्या घड्यांची. गन पुढे जात नाही असे वाटले की नवखा हात गन ढकलू लागतो. वास्तविक अशा वेळी गुदमार्गातील हाताने गर्भाशयमुख पकडून पुढे, पोटाच्या दिशेने सारावे, म्हणजे घड्या ताणल्या जाऊन मार्ग सरळ होतो. तिसरी अडचण मुखापाशीच येते, कारण मुखाभोवती गोलाकार आंधळी खोबण असते आणि गनचे टोक त्यात अडकते. मुख अंगठा व दोन बोटांत मागच्या टोकाशी धरले तर ही खोबण बुजते आणि टोकाला एकच वाट उरते.

यापुढचे काम गनने करायचे नसून गर्भाशयमुख धरलेल्या हाताने करायचे आहे. गन हलक्या दाबाने स्थिर ठेवावी आणि मनगट वळवत मुखच तिच्यावर एकेक वळी चढवावे. प्रत्येक वळी ओलांडताना बोटांना किंचित खरखर जाणवते. शेवटच्या वळीपुढे तर्जनी ठेवावी. गनचे टोक पातळ भिंतीतून बोटाला लागले की तेथेच थांबावे. कालवडीच्या गर्भाशयाचा देह जेमतेम एक-दोन सेंटिमीटरचा असतो, त्यामुळे आणखी थोडी पुढे गेलेली गन गर्भाशयाच्या एका शिंगात (फाट्यात) शिरते किंवा आतले नाजूक अस्तर खरवडते. दट्ट्या सावकाश, चार-पाच सेकंद घेत दाबावा. बाहेर काढलेल्या शीथच्या टोकाला रक्त दिसले तर आत इजा झाली आहे, हे मालकापासून लपवू नये.

आणि तरीही गन गेली नाही तर? तीन-चार मिनिटांच्या प्रयत्नानंतर थांबावे. कालवड खरोखर माजावर आहे का, हे पुन्हा पाहावे. सोट नसेल, गर्भाशय हाताला ताठर लागत नसेल, तर रेतन करूच नये. माज खरा असेल आणि गन मुखाच्या मध्यापर्यंत गेली असेल, तर कांडी तेथेच सोडावी. माजातील सोटातून शुक्राणू पुढे जातात. जबरदस्तीने भिंत फोडण्यापेक्षा हे कितीतरी बरे. दोन वेगळ्या माजांना दोन वेगळ्या हातांनी गन गेली नाही, तर मुखाच्या रचनेत दोष असण्याचा संभव धरून पशुवैद्यकाकडे न्यावे.

उलटलेली कालवड

सर्व काही नीट जमले तरी पहिल्याच रेतनात दहापैकी पाच-सहा कालवडी गाभण राहतात, त्यामुळे एकदा उलटली म्हणून घाबरू नये. नियमित माज दाखवूनही तिसऱ्यांदा उलटली, तर चौथी कांडी भरण्याआधी शोध घ्यावा. आधी तारखांमधील अंतरे मोजावीत: १८ ते २२ दिवस असेल तर वेळ किंवा फलन चुकले, २५ ते ३५ दिवस असेल तर गर्भ राहून लवकर मेला असावा किंवा माज ओळखण्यात चूक झाली असावी, ३६ ते ४४ दिवस असेल तर बहुधा मधला एक माज पाहायचा राहिला. मग सोट पाहावा. तो गढूळ किंवा पांढरट धागे असलेला असेल तर त्या माजाला रेतन न करता उपचार करावेत. न विलेल्या कालवडीच्या गर्भाशयात संसर्ग सहसा नसतो; तो आढळला तर अस्वच्छ शीथ किंवा गावातील मोकाट वळू यांचा विचार करावा. कृत्रिम रेतनाला कंटाळून वळू लावणे हा उपाय सोपा वाटतो, परंतु त्यातून जननेंद्रियांचे रोग गोठ्यात येतात. अनेक कालवडी एकाच वेळी उलटत किंवा गाभडत असतील, तर ब्रुसेला आणि आयबीआर या गर्भपात घडवणाऱ्या रोगांसाठी रक्ततपासणी करावी. ब्रुसेलाची लस ४ ते ८ महिन्यांच्या वयात, फक्त मादी वासरांना, एकदाच देतात. हा रोग माणसालाही होतो, म्हणून गाभडलेल्या कालवडीचा जार उघड्या हाताने काढू नये.

माज २४ तासांहून अधिक रेंगाळत असेल, तर स्त्रीबीज उशिरा सुटते. अशा वेळी २४ तासांच्या अंतराने दुसरे रेतन किंवा डॉक्टरांनी रेतनासोबत दिलेले संप्रेरकाचे इंजेक्शन उपयोगी पडते. माजावर आणण्याची इंजेक्शने मात्र दुकानातून आणून टोचू नयेत. त्यांतील प्रोस्टाग्लँडिन गाभण जनावराला दिले तर ते गाभडते, आणि गरोदर स्त्रिया व दम्याच्या रुग्णांनी ते हाताळूसुद्धा नये. शिवाय बीजकोष अजून वाढलेच नसतील, तर कोणतेही इंजेक्शन चाऱ्याची उणीव भरून काढत नाही.

रेतनानंतर १८ ते २४ दिवस पुन्हा माजाची पाळत ठेवावी. ती माजावर आली नाही, एवढ्यावर गाभण धरू नये; ६० ते ७० दिवसांनी गुदमार्गातून, किंवा सोय असल्यास ३० दिवसांनंतर सोनोग्राफीने खात्री करावी. काही थोडी जनावरे गाभण असतानाही माजासारखी लक्षणे दाखवतात. अशी शंका असेल आणि रेतन करायचेच असेल, तर गन मुखाच्या मध्यापुढे नेऊ नये, म्हणजे आत असलेला गर्भ धोक्यात येत नाही.

संगमनेरच्या त्या कालवडीला तीन महिने कोणतेही रेतन केले नाही. जंतनाशक दिले, वाढ्यांच्या जागी निम्मा मका आणि लसूणघास आला, क्षार मिश्रण सुरू झाले. ऑगस्टच्या सुरुवातीला घेर ५९ इंच आणि लांबी ४८ इंच भरली, म्हणजे सुमारे २५३ किलो. त्याच आठवड्यात पहाटे पाच वाजता मालकांनी तिला शेजारच्या गाईखाली स्थिर उभी राहिलेली पाहिले आणि दुपारी चार वाजता रेतन झाले. ऑक्टोबरच्या मध्याला मी तपासणी केली तेव्हा उजव्या शिंगात गर्भ होता. मालकांनी वही उघडून कांडीवरचा क्रमांक दाखवला. ६ एप्रिलला वापरलेली कांडीही त्याच वळूची होती.